धुण्याची घडी बसवताना: नोकरी करणाऱ्या आईसाठी

मशीनचं बटण दाबलं की पुढचा तासभर कपडे धुण्याचं काम मशीन करतं. तुमचा वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. बाथरूमच्या दारामागचे, खुर्चीवरचे, दप्तरातले कपडे गोळा करायचे, खिसे तपासायचे, पांढरे-रंगीत वेगळे करायचे. धुऊन झाले की झटकून वाळत घालायचे, पाऊस आला की धावत जाऊन काढायचे, घड्या घालायच्या, ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवायचे. आणि हे सगळं झाल्यावर रात्री साडेदहाला आठवायचं, की उद्या पीटीचा पांढरा गणवेश लागणार आहे.

बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतणाऱ्या किंवा मूल पहिल्यांदाच शाळेत जाऊ लागलेल्या आईला हा भार एकदम जाणवतो. म्हणून इथला रोख मशीन लवकर आटपण्यावर कमी आणि हाताची, डोक्याची कामं कमी करण्यावर जास्त आहे. ज्यांना कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, त्यांनी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतच ही घडी बसवून पाहावी. कामावर रुजू झाल्यावर नवीन सवय लावणं फार जड जातं.

पहिली पायरी: कपडे उतरतात तिथेच निवड

धुण्याची एकच मोठी बास्केट ठेवली की निवडण्याचं काम उरतंच, आणि ते नेमकं घाईच्या वेळी करावं लागतं. त्याऐवजी तीन साध्या बादल्या किंवा बास्केट ठेवा: एक पांढऱ्या आणि फिक्या कपड्यांची, एक रंगीत-गडद कपड्यांची, एक छोटी डागाळलेल्या कपड्यांची. जागा कमी असेल तर दाराच्या मागे हुकाला तीन कापडी पिशव्या अडकवल्या तरी चालतात. मुद्दा एवढाच, की कपडा जिथे अंगावरून उतरतो तिथून दोन पावलांवर बास्केट असावी. बेडरूममध्ये कपडे बदलणाऱ्या माणसाची बास्केट बाल्कनीत असेल तर कपडे खुर्चीवरच पडणार, आणि ते उचलायला तुम्हीच जाणार.

सोबत दोन नियम घरात सगळ्यांना सांगून टाका. बास्केटमध्ये टाकण्यापूर्वी खिसे रिकामे करायचे, आणि मोजे, बाह्या, पँटचे पाय सुलट करून टाकायचे. पाच वर्षांच्या मुलालाही हे जमतं. खिशात राहिलेला एक टिश्यू पेपर किंवा बसचं तिकीट अख्ख्या धुण्यावर पांढरे कण पसरवतं आणि ते झटकण्यात जाणारा वेळ कुठल्याही युक्तीने परत मिळत नाही.

बाळाचे चिमुकले मोजे, टोपडी, हातमोजे यांच्यासाठी चेनची एक जाळीची पिशवी घ्या. ती बास्केटच्या कडेला लटकवून ठेवायची, मोजे थेट तिच्यात टाकायचे, धुतानाही पिशवीसकट मशीनमध्ये घालायचे. शोधाशोध संपते, आणि फ्रंट लोड मशीनच्या रबरात छोटे मोजे अडकायचेही थांबतात.

दुसरी पायरी: वार ठरवा

रोज थोडं धुवायचं की आठवड्यातून दोनदा खूप, यावर घराघरात मतभेद असतात. माझं मत स्पष्ट आहे: लहान मूल असलेल्या घरात दिवसाआड एक पूर्ण भरलेलं धुणं सगळ्यात सोयीचं. रोज लावलं तर मशीन अर्धं रिकामं फिरतं आणि वाळत घालणं, काढणं, घड्या ही कामं रोज मागे लागतात. रविवारी सगळं एकदम काढलं तर दोरीवर जागा पुरत नाही आणि सुट्टीचा दिवस त्यातच संपतो.

वार ठरवताना उलटीकडून विचार करा. पीटीचा पांढरा गणवेश बुधवारी लागत असेल तर तो सोमवारी धुतला गेला पाहिजे, म्हणजे मंगळवारचा पूर्ण दिवस वाळायला मिळतो. पावसाळ्यात हा एक दिवसही अपुरा पडतो, म्हणून पांढऱ्या गणवेशाचे दोन जोड असलेले बरे. रोजच्या गणवेशाचे तीन जोड असतील तर पाच दिवसांची शाळा कुठल्याही ऋतूत निभते. तिसऱ्या जोडावरचा खर्च आईच्या रात्रीच्या झोपेवर केलेला खर्च आहे, तो टाळू नका.

चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यांना स्वतंत्र वार द्या. ते रोजच्या कपड्यांत मिसळले की मशीन जड होतं, चादरीच्या आत छोटे कपडे गुंडाळले जातात आणि निम्मे तसेच मळके बाहेर येतात. शनिवारी एका खोलीची चादर, पुढच्या शनिवारी दुसरीची, असं चक्र लावलं तर दोरीवर एका वेळी दोन मोठ्या चादरी लोंबत नाहीत.

तिसरी पायरी: मशीनकडून पूर्ण काम घ्या

मशीनवर लिहिलेले सात किंवा आठ किलो हे कोरड्या सुती कपड्यांचं वजन असतं, आणि तेही मुख्य कॉटन प्रोग्रॅमसाठी. सिंथेटिक आणि झटपट प्रोग्रॅमची मर्यादा त्याहून बरीच कमी असते. पंधरा मिनिटांच्या प्रोग्रॅमला बहुतेक मशीनमध्ये दोनेक किलोच कपडे चालतात. नेमका आकडा मशीनच्या माहितीपुस्तिकेत असतो. तो एकदा बघून झाकणावर चिकटवून ठेवा. अंदाज घ्यायचा तर फ्रंट लोडमध्ये कपडे भरल्यावर वर आडवा तळहात सहज सरकला पाहिजे. टॉप लोडमध्ये कपडे दाबून बसवायचे नाहीत, सैल टाकायचे. ठासून भरलेलं मशीन कपडे नुसते ओले करतं आणि मग कॉलरसाठी पुन्हा हाताने ब्रश मारावा लागतो.

लिक्विड किंवा पावडर जास्त घातली की कपडे जास्त स्वच्छ निघतात, हा समज सोडून द्या. जास्तीचा फेस धुऊन काढायला फ्रंट लोड मशीन बरेचदा आपणहून खळबळणं वाढवतं आणि प्रोग्रॅम लांबतो. साबण कपड्यात राहिला तर टॉवेल कडक होतात आणि बाळाच्या नाजूक कातडीला खाज सुटू शकते. डब्यात मापाचं एक झाकण कायम ठेवा, म्हणजे घरातलं कुणीही धुणं लावलं तरी प्रमाण तेच राहील. फ्रंट लोडला कमी फेसाची पावडर किंवा लिक्विडच लागतं. टॉप लोडचं तिथे वापरू नका.

प्रोग्रॅम निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारा: मी मशीनसाठी थांबून आहे का? तुम्ही स्वयंपाकात असाल, बाळाला झोपवत असाल, तर प्रोग्रॅम चाळीस मिनिटांचा आहे की सव्वा तासाचा, याने काही फरक पडत नाही. तिथे नेहमीचा पूर्ण प्रोग्रॅमच लावा. झटपट प्रोग्रॅम फक्त घामट, न डागाळलेल्या, थोड्या कपड्यांसाठी. गरम पाण्याचा प्रोग्रॅम टॉवेल, चादरी, लंगोट आणि आजारपणातल्या कपड्यांसाठी राखून ठेवा. मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते.

बहुतेक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनमध्ये उशिरा सुरू करायची सोय असते, तिला डिले स्टार्ट म्हणतात. रात्री कपडे, लिक्विड घालून ठेवायचं आणि मशीन पहाटे सुरू होऊन तुम्ही उठता त्या सुमारास संपेल अशी वेळ लावायची. चहा ठेवेपर्यंत धुणं वाळत घालायला तयार असतं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येत असेल आणि टाकीचा भरवसा नसेल, तर त्या वेळेशी जुळवून घ्या, नाहीतर मशीन पाण्याची वाट बघत थांबून राहतं. घरात कुणी नसताना मात्र मशीन चालू ठेवून जाऊ नका. पाइप निसटला तर हॉलभर पाणी होतं. धुऊन झालेले ओले कपडे तासन्‌तास ड्रममध्ये ठेवणंही तितकंच वाईट. त्यांना कुबट वास लागतो आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं.

सेमी ऑटोमॅटिक मशीन असलेल्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पाणी बेताचं असेल तिथे ते फार उपयोगी आहे. एकाच साबणपाण्यात आधी फिके, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, असा क्रम लावला की पाणीही वाचतं. एका टबात दुसरा घाणा फिरत असताना दुसऱ्या टबात पहिला पिळून होतो. त्यासाठी जवळपास राहावं लागतं हे खरं, म्हणून सेमी ऑटोमॅटिकचं धुणं स्वयंपाकाच्या वेळेला जोडा.

पाणी कसं आहे ते बघा

कपडे धुऊनही कळकट दिसतात, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, असं असेल तर पाणी जड आहे. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे सर्रास दिसतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट दिली आहे. बोअरचं पाणी पुष्कळदा यातल्या वरच्या बाजूला असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला बांधून ठेवतं आणि त्याचा चिकट साका कपड्यांवर बसतो. बायका जोर लावून घासत राहतात, आणि दोष पाण्याचा असतो.

अशा पाण्यात अंगाच्या साबणाच्या वड्यांनी कपडे धुऊ नका, डिटर्जंटच वापरा आणि पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेलं प्रमाण घ्या. सुती कपडे भिजवताना चमचाभर धुण्याचा सोडा घातला तर फरक पडतो. रेशीम आणि लोकरीला सोडा लावायचा नाही. मशीनच्या आतही क्षार साचतात, त्यासाठी मिळणारी पावडर दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये फिरवावी.

डाग: इथे दोन मिनिटं दिली तर पुढचा अर्धा तास वाचतो

डागाळलेला कपडा वेगळ्या बास्केटमध्ये टाकायचा कारण हाच. तो सगळ्यांत मिसळून मशीनमध्ये गेला, वर गरम इस्त्रीही झाली, की डाग पक्का बसतो. बेसिनजवळ एक छोटा ट्रे ठेवा: भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश, सॅनिटायझर, धुण्याच्या साबणाची वडी. एवढ्या चार वस्तूंत घरातले बहुतेक डाग सुटतात.

हळदीचा डाग आपल्याकडे रोजचाच. वरणभात भरवताना बाळाच्या झबल्यावर, डब्यातली भाजी सांडून गणवेशावर. साबण लागला की हा डाग लालभडक होतो आणि नवख्या बाईला वाटतं, आता कपडा गेला. हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य साबणासारख्या अल्कली पदार्थांत लाल होतं; खळबळून घेतल्यावर लाली उतरते आणि पिवळा डाग उरतो. पण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. म्हणून आधी भांड्यांच्या लिक्विडने तेलकटपणा काढा, नेहमीसारखं धुवा आणि कपडा ओला असतानाच डागाची बाजू कडक उन्हाकडे करून वाळत घाला. एका-दोन उन्हांत बराचसा डाग फिका पडतो. घासत बसायची गरज नाही. गडद रंगाचे कपडे मात्र फार वेळ उन्हात ठेवू नका, त्यांचा मूळ रंगच उडतो.

तेलातुपाच्या डागावर पाणी लावण्याआधी, कोरड्या कपड्यावरच भांड्यांचं लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवायचं. शर्टाच्या कॉलरला आणि मनगटाच्या पट्टीलाही हेच. रक्त, दूध, अंडं यांना कायम थंड पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. बॉलपेनच्या शाईला अल्कोहोलचं सॅनिटायझर: डागाखाली जुनं फडकं ठेवून वरून टिपत राहायचं, म्हणजे शाई खालच्या फडक्यात उतरते. चिखलाला हात लावायची घाई करू नका. तो पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. कोकणातल्या लाल मातीच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच घालू नका. त्या मातीत लोह असतं आणि ब्लीचने डाग आणखी पक्का होऊ शकतो.

काही डाग निघतच नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. केळीचा चीक आणि काजूच्या बोंडाचा रस हे त्यातले मुख्य. मे महिन्यात मुलांना आजोळी पाठवताना जुने कपडे बांधून द्या आणि त्या कपड्यांचा नाद सोडा. आंब्याच्या रसाला मात्र लगेच थंड पाण्याखाली धरून लिक्विड लावलं तर तो सुटतो.

एक गोष्ट जिवाच्या काळजीची आहे. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं कुठलंही रसायन मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये, शेजारी मूल असताना तर अजिबात नाही.

नवीन गडद कपडा, ब्लॉक प्रिंट, बांधणी यांचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालाने दाबून बघा. रुमालावर रंग आला तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण दुकानातून आलेल्या तयार कपड्याचा सुटता रंग मिठाने थांबत नाही. ते भिजवणं सोडा, वेगळं धुणं पुरेसं आहे.

बाळाचे कपडे

दुपटी, लंगोट, झबली यांचं धुणं वेगळंच असावं, निदान लंगोटांचं तरी. शी झालेला लंगोट आधी टॉयलेटच्या जेटने साफ करायचा, मग झाकणाच्या बादलीत टाकायचा आणि दिवसातून एकदाच सगळे मिळून धुवायचे. शक्य असेल तेव्हा ६० अंशांचा प्रोग्रॅम आणि एक जास्तीचं खळबळणं. कपडे मऊ करणारं कंडिशनर लंगोटांना आणि टॉवेलांना वापरू नका; त्याने पाणी शोषायची ताकद कमी होते. लंगोटांना ऊन मिळालं तर उत्तम.

तेलमालिशीची दुपटी इतरांत मिसळू नका. खोबरेल किंवा तिळाचं तेल मुरलेलं कापड साध्या धुण्याने स्वच्छ होत नाही, काही दिवसांत त्याला खवट वास येतो आणि शेजारच्या कपड्यांनाही तो लागतो. मालिशीसाठी दोन जुनी दुपटी ठरवून ठेवा आणि ती गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून वेगळी धुवा. ज्यांच्याकडे गरम हवेचा ड्रायर आहे त्यांनी तेलकट कापड त्यात घालायचंच नाही; तेल मुरलेलं कापड त्या उष्णतेत पेट घेऊ शकतं.

ठेवणीतली झबली किंवा मोठ्या भावंडाचे कपडे काढताना त्यात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील, तर ते कपडे बाळाच्या अंगावर तसेच घालू नका. त्यातल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, विशेषतः ज्यांच्यात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्यात. बाळाच्या कपाटात या गोळ्या ठेवूच नयेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि सुकं, हवेशीर कपाट पुरतं.

रांगणारं मूल घरात असेल तर कपडे भिजवलेली बादली उघडी ठेवू नका. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. बाथरूमचं दार बंद, वर कडी. लिक्विडच्या रंगीत कॅप्सूल मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात, त्या वरच्या फळीवर.

वाळत घालणं, आणि आपला पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात धुण्याचं खरं दुखणं वाळण्याचं असतं. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे कापडातलं पाणी हवेत जायला तयार नसतं. अशा दिवसांत जितकं पाणी मशीनच काढेल तितकं तुमच्या फायद्याचं. धुणं संपल्यावर पुन्हा एकदा फक्त स्पिन लावा. सहा-आठ मिनिटांच्या त्या फेऱ्याने वाळण्याचे काही तास वाचतात. फ्रंट लोडचा वेग मिनिटाला १००० ते १४०० फेऱ्यांचा असतो, टॉप लोडचा साधारण ७०० च्या आसपास. म्हणून टॉप लोडवाल्यांना दुसऱ्या स्पिनचा फायदा अधिक जाणवतो. रेशमी आणि नाजूक कपडे यातून वगळा.

घरात वाळत घालताना उष्णतेपेक्षा वाहतं वारं महत्त्वाचं. स्टँड भिंतीला खेटून ठेवू नका, पंख्याखाली किंवा टेबल फॅनच्या समोर, खोलीच्या मधोमध ठेवा. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर हवं. एका दांडीवर दोन-दोन थर टाकले तर दोन्ही ओलेच राहतात. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेला चिमटे लावून टांगा. शर्ट, फ्रॉक, गणवेश थेट हँगरवर. उंच छत असेल तर दोरी-पुलीने वर ओढायचा स्टँड फार सोयीचा; छताजवळ हवा गरम असते आणि खाली मुलांना खेळायला जागा राहते. सगळ्या खिडक्या बंद करून वाळत घातलं तर ती वाफ घरातच फिरते, भिंतींना बुरशी येते. एक खिडकी थोडी उघडी किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू असू द्या.

पावसाळ्यात जाड चादरी, पायपुसणी, सोलापुरी चादर, गोधड्या धुवायला काढू नका. उघडीप मिळाली तरच. त्या चार महिन्यांसाठी पातळ सुती चादरी आणि पंचासारखे पातळ टॉवेल वापरात आणले तर निम्मा प्रश्न सुटतो. जाड टर्किश टॉवेल दिवाळीनंतर.

कुबट वास लागलाच तर त्यावर सुगंधी कंडिशनर ओतू नका. वास सावकाश वाळणाऱ्या कपड्यातल्या जिवाणूंचा असतो. ते कपडे कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात पुन्हा धुवा आणि या वेळी लवकर वाळवा. किंचित दमट राहिलेल्या गणवेशावर इस्त्री फिरवून मग अर्धा तास पंख्याखाली टांगला तर सकाळी घालायला तयार. गॅसवर किंवा फ्रिजच्या मागे कपडे वाळवणं धोक्याचं आहे, ते करू नका.

धुणारं आणि वाळवणारं एकच मशीन घ्यायचा विचार असेल तर एक बघा: त्यात वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. पूर्ण भरून धुतलेले कपडे त्यात एकदम वाळत नाहीत, दोन भाग करावे लागतात.

घड्या आणि इस्त्री

वाळलेले कपडे काढून पलंगावर टाकायचे आणि घड्या नंतर घालू म्हणायचं, इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. ढीग रात्री पलंगावरून खुर्चीवर जातो, सकाळी त्यातूनच कपडे ओढले जातात, पुन्हा चुरगळतात. दोरीवरून कपडा काढतानाच उभ्याने घडी घाला आणि थेट माणसाच्या नावाच्या टोपलीत ठेवा. टोपली कपाटापर्यंत नेणं ज्याचं त्याचं काम. हँगरवर वाळलेले कपडे हँगरसकट कपाटात.

मुलांच्या कपड्यांची घडी जोडीने घाला: गणवेशाचा शर्ट, पँट किंवा स्कर्ट, बनियन, मोजे एकत्र गुंडाळून एक संच. आठवड्याचे संच तयार असले की सकाळी मूल स्वतः एक उचलतं. मोजे एकाच रंगाचे, एकाच दुकानातून सात-आठ जोड आणा. मग जोड्या जुळवायचं कामच राहत नाही.

इस्त्री कशाला लागते याची यादी कठोरपणे छोटी करा. गणवेशाचा शर्ट, ऑफिसचे कपडे, साडी, ओढणी. घरातले टीशर्ट, पायजमे, अभ्रे, बाळाची झबली यांना इस्त्रीची गरज नसते. स्पिन झाल्या झाल्या कपडे काढून, दोन झटके देऊन हाताने ताणून टांगले तर निम्म्या सुरकुत्या तिथेच जातात. परीटघडीचे कपडे हवेतच, तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांकडे आठवड्यातून एकदा एकगठ्ठा द्या आणि नगांची संख्या फोनमध्ये लिहून ठेवा. रोज दोन कपडे घेऊन खाली जाण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

मशीनची निगा थोडक्यात

टॉप लोडमधली धाग्यांची जाळी आठवड्यातून एकदा साफ करा. फ्रंट लोडचं रबर धुणं झालं की पुसा, दार थोडं उघडं ठेवा (मूल लहान असेल तर बाथरूमचं दार लावून), आणि खालचा ड्रेन फिल्टर महिन्यातून एकदा काढून धुवा. नाणी, बटणं, केसांच्या पिना तिथेच सापडतात. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर टब क्लीनच्या प्रोग्रॅमला लावा. स्वच्छ धुतलेल्या कपड्यांनाही वास येत असेल तर बरेचदा कारण मशीनच असतं.

घरातली वाटणी

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेल्याचं दिसलं, पुरुषांची ८८ मिनिटं. त्यातही असे पुरुष स्त्रियांच्या तुलनेत फार थोडे. वरच्या सगळ्या युक्त्या वापरूनही धुणं एकट्या आईकडेच राहिलं तर हा आकडा फारसा हलणार नाही, आणि हे मला फार मनापासून सांगायचं आहे.

नवऱ्याला “जरा मदत कर” म्हणू नका. एक अख्खं धुणं त्याच्या नावावर करा. उदाहरणार्थ चादरी आणि टॉवेल: गोळा करण्यापासून मशीन लावणं, वाळत घालणं, काढणं, घडी घालून कपाटात ठेवणं, सगळं त्याचं. आठवण करून देण्याचं कामही तुमचं नाही. सुरुवातीला घडी वाकडी पडेल, पडू द्या. ती उलगडून पुन्हा घालायला बसलात तर पुढच्या शनिवारी ते काम परत तुमच्याकडे येईल. सासूबाई किंवा आई घरात असतील तर वाकून उचलण्याची, ओल्या बादल्यांची कामं त्यांना देऊ नका. बसून मोज्यांच्या घड्या, बटणं लावणं ही कामं त्या आनंदाने करतात, नातवंडंही त्यांच्याजवळ बसून शिकतात. चार-पाच वर्षांची मुलं मोजे जुळवतात, आठ-नऊ वर्षांची स्वतःच्या घड्या घालतात, बारा-तेराव्या वर्षी मुलगा असो की मुलगी, मशीन लावता आलंच पाहिजे.

धुण्याला मावशी येत असतील तर त्यांच्या सुट्टीचा दिवस आधी विचारून वार ठरवा. डागांचे कपडे वेगळे काढून स्वतः लिक्विड लावून ठेवा, मापाचं झाकण त्यांना दाखवा, आणि ओल्या चादरी पिळायला न देता स्पिनमध्ये घालायला सांगा. त्यांच्या मनगटांवरही तेवढंच ओझं पडतं.

मशीनच्या झाकणाच्या आत किंवा शेजारच्या भिंतीवर एक कागद लावा: कोणत्या वारी काय, किती माप, कोणता प्रोग्रॅम, काय स्पिन करायचं नाही. मोठ्या अक्षरात, मराठीत. मग तुम्ही ऑफिसात उशिरापर्यंत अडकलात तरी “लिक्विड किती घालू?” असा फोन येणार नाही.